पीसीओडी, महागडी पावडर आणि दिवस राहणं: वाचकांचे प्रश्न

नमस्कार मैत्रिणींनो. गेल्या दोन महिन्यांत जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे आहेत, पीसीओडी (अंडाशयात अंडं वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते तो त्रास, पीसीओएस म्हणतात तोही हाच) आहे, मूल हवंय, आणि कुणीतरी अँटिऑक्सिडंटची गोळी नाहीतर पावडर सांगितलीय, ती घेऊ का. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुका दिलाय, त्यामुळं निर्धास्त वाचा.

प्रश्न (खानापूर तालुका, वय 29): डॉक्टर मॅडम, लग्नाला चार वर्षं झाली. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी आलं. आधी बेळगावात दाखवलं, मग मावशीच्या ओळखीनं मिरजेला, मधे एकदा गोव्यालाही जाऊन आलो. आता माझ्याकडं मायो-इनोसिटॉलची पावडर, को-क्यू-टेनची कॅप्सूल, पाण्यात विरघळणारी एन-ॲसिटिलसिस्टीनची गोळी, व्हिटॅमिन ई आणि एक मल्टिव्हिटॅमिन एवढं सगळं आहे, महिन्याला साडेतीन हजार जातात. मेटफॉर्मिननं मळमळायचं म्हणून बंद केली. मिरजेत लेट्रोझोल लिहून दिलेली पण मिस्टरांनी मोबाईलवर बघितलं तर ती कॅन्सरची गोळी निघाली, मग भीतीनं घेतलीच नाही. पावडर आठ महिने चालू आहे, अजून काही नाही. सासूबाई तोंडानं काही बोलत नाहीत, पण कुणाचं बारसं असलं की मला मागं स्वयंपाकघरातच काम लागतं. पावडर बदलू का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पावडर बदलायची काही गरज नाही. जी गोळी तुम्ही भीतीनं कपाटात ठेवलीत तीच तुमच्या कामाची होती, आणि ज्यावर आठ महिने गेले त्या सगळ्या जोडीला घ्यायच्या गोष्टी. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही, पाकिटावर नाहीतर मोबाईलवर कॅन्सर हा शब्द बघून कोण घाबरणार नाही?

लेट्रोझोल ही मुळात स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेली गोळी, हे खरंच आहे. ती शरीरातलं इस्ट्रोजेन थोडे दिवस कमी करते, मग मेंदूला वाटतं की अंडाशय झोपलंय, आणि मेंदू अंडं वाढवणारं हार्मोन जास्त सोडतो. कॅन्सरच्या पेशंटला ती वर्षानुवर्षं रोज देतात, मूल हवं असणाऱ्या बाईला पाळीच्या सुरवातीचे पाचच दिवस. आपल्या देशात 2011 साली वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती आणि 2017 ला ती उठली, त्या काळातलं जुनं लिखाण अजून इंटरनेटवर फिरतंय, त्यामुळंही माणसं घाबरतात. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या 750 बायकांवर मोठा अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला, त्यात लेट्रोझोल घेतलेल्या शंभरातल्या 27-28 जणींना मूल झालं आणि जुन्या क्लोमिफिन गोळीवाल्या शंभरातल्या 19 जणींना. आज जगभर जी मार्गदर्शक तत्त्वं वापरतात, 2023 ची, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं झालेली, त्यातही अंडं तयार होत नसेल तर पहिलं औषध म्हणून लेट्रोझोलच सांगितलंय.

आणि इनोसिटॉल, म्हणजे तुमची ती मायो-इनोसिटॉलची पावडर? त्याच तत्त्वांमध्ये म्हटलंय की मूल राहण्यासाठी इनोसिटॉल अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे असं धरा. घेतलं तर अपाय फारसा नाही, इन्सुलिनचं काम थोडं सुधारू शकतं, पण अंडं सुटण्यावर ठाम फायदा दिसलेला नाही. म्हणजे ते विष नाही आणि अमृतही नाही. घ्यायचंच तर बहुतेक अभ्यासांत दिवसाला 4 ग्रॅम, दोन वेळा विभागून, फोलिक ॲसिडबरोबर असं दिलेलं आहे. सुरवातीला थोडं पोट बिघडतं, गॅस होतो.

आता मूळ प्रश्न, ही अँटिऑक्सिडंटची भानगड काय आहे. आपलं शरीर अन्न जाळून ताकद काढतं तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही तापट कण तयार होतात, थोडे असले तर शरीर आपलं आपण निस्तरतं, जास्त झाले तर पेशींना इजा होते. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींत इन्सुलिन नीट काम करत नाही, पोटाभोवती चरबी साठते, आतल्या आत धगधग राहते, त्यामुळं हे कण वाढलेले सापडतात. बाईचं अंडं ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, ताकद तयार करणारे कारखाने तिच्यात भरपूर, म्हणून तिला त्रास जास्त होईल असा हिशोब. हिशोब चुकीचा नाही. को-क्यू-टेन त्याच कारखान्यात काम करतं, एन-ॲसिटिलसिस्टीन (खोकल्यातला कफ पातळ करायला जी देतात तीच) शरीराचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट बनवायला मदत करते. इजिप्त-इराणकडच्या छोट्या छोट्या अभ्यासांत अंडं तयार करायच्या गोळीबरोबर ही दिली तर अंडं सुटायचं प्रमाण वाढलेलं दिसलं. नीट बघा, गोळीबरोबर. तुम्ही गोळी सोडून नुसतं हे घेतलंत.

कोक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती जगातले सगळे अभ्यास एकत्र करून कडक नजरेनं तपासते. 2020 मध्ये त्यांनी मूल राहायला अडचण असलेल्या बायकांचे 63 अभ्यास बघितले, 7760 बायका त्यात होत्या. निघालं काय, तर अँटिऑक्सिडंट न घेणाऱ्या शंभरातल्या 19 जणींना मूल होत असेल तर घेणाऱ्यांत ते 24 ते 36 पर्यंत जाऊ शकतं. वाचून बरं वाटतं, दुकानदार पण एवढंच वाचून दाखवतो. त्याच कागदावर पुढं लिहिलंय की हा पुरावा अगदी हलक्या प्रतीचा आहे, अभ्यास छोटे, प्रत्येकात गोळी वेगळी, डोस वेगळा. म्हणून मी पेशंटला सांगते, परवडत असेल तर तीन महिने घेऊन बघा, कारण अंडं पिकायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पण अंगावरचं सोनं गहाण ठेवून कुणी घेऊ नका, आणि मुख्य उपचार थांबवून तर अजिबात नको.

अजून एक सांगते जे कुणी सांगत नाही. अंडं फुटून बाहेर पडायच्या क्षणी ते तापट कण थोडे लागतातच. उंदरांवरच्या प्रयोगात अंडाशयात नेमक्या त्या वेळी अँटिऑक्सिडंट भरपूर घातल्यावर अंडं फुटायचंच थांबलं. माणसात तसंच्या तसं होतं असं मी म्हणणार नाही, पण जास्त घेतलं की जास्त फायदा ही समजूत मात्र डोक्यातून काढा.

आता तुमच्या पाच डब्यांकडं येऊ. मागं एक ताई अशीच पिशवी घेऊन आल्या होत्या, खडे बाजारातल्या कापड दुकानाची पिशवी, आत सहा डबे. आम्ही टेबलावर ते मांडले आणि कागदावर प्रत्येकातलं लिहून बेरीज केली. व्हिटॅमिन ई तीन डब्यांत निघालं, फोलिक ॲसिड चार डब्यांत, सेलेनियम दोन डब्यांत. त्यांचे केस गळत होते म्हणून त्यांनी एक डबा वाढवला होता, आणि सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात हे त्यांना माहीतच नव्हतं. आपल्या सीमाभागात हे फार होतं बघा, अर्धा उपचार बेळगावात, थोडा कोल्हापूर-मिरजेत, थोडा गोव्यात, प्रत्येक ठिकाणी नवी फाईल, आणि आधीच्या डॉक्टरनं काय दिलंय हे पुढच्याला कळत नाही कारण जुनी चिठ्ठी घरी राहिलेली असते. डबे घेऊन जायला लाजू नका. सगळे पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढा असला तर तो पण न्या.

डब्यावर बघायचं ते एवढंच. व्हिटॅमिन ए हे रेटिनॉलच्या रूपात असेल तर दिवसाला 10,000 युनिटच्या वर नकोच, बाळाच्या अवयवांना धोका असतो, आणि दिवस राहिलेत हे पहिले काही आठवडे आपल्याला कळतही नाही. व्हिटॅमिन ई जास्त झालं आणि जोडीला रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन असलं तर रक्तस्राव वाढू शकतो, टेस्ट ट्यूबचे उपचार चालू असणाऱ्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं. अश्वगंधा, हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क अशा कॅप्सूलनी काहींच्या लिव्हरला त्रास झालेला आहे (भाजीतल्या हळदीनं नाही, घाबरू नका), दिवस राहायच्या प्रयत्नात असताना त्या लांबच ठेवा. आणि डब्यावर कुठंतरी बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं, औषधी वापरासाठी नाही. सप्लिमेंटला आपल्याकडं अन्नाच्या खात्याचं लायसन्स मिळतं, औषधाचं नाही. ती ओळ शोधून मिस्टरांना दाखवा, ते मोबाईलवर एवढं बघतात तर हेही बघू देत.

मेटफॉर्मिनची (इन्सुलिनचं काम सुधारायला देतात ती गोळी) मळमळ बऱ्याचदा जेवणाच्या मधे गोळी घेतली, कमी डोसपासून सुरवात केली, किंवा हळू विरघळणारी घेतली की कमी होते, तेव्हा पुन्हा विचारा. फार वर्षं घेतली तर बी-12 कमी होतं, शाकाहारी असाल तर तपासून घ्या.

एवढं झालं की पुढचं: थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), साखरेची तपासणी, गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का, आणि मिस्टरांचं वीर्य तपासलंय का? तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांची एकही तपासणी नाही. चार वर्षं, तीन गावं, पाच डबे, सगळे तुमच्याच नावानं. आधी त्यांचा तो एक साधा रिपोर्ट काढा, मग लेट्रोझोल सुरू करा, सोबत अंडं वाढतंय का बघायला सोनोग्राफी. पावडरपैकी फोलिक ॲसिड (रोज 400 मायक्रोग्रॅम) ठेवा, ते बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी लागतंच. बाकीचं संपलं की परत आणू नका असं माझं मत.

आणि बारशाचं. पुढच्या वेळी पुढं येऊन पाळण्याची दोरी हातात घ्या. तुमचं अंडं वेळेवर फुटत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे, अपशकुनाचा नाही.

प्रश्न (हुक्केरी तालुका, वय 33): पीसीओएस आहे, केस खूप गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेते. आता थायरॉईडचा रिपोर्ट आला तर टीएसएच एकदम कमी, डॉक्टर म्हणाले थायरॉईड वाढलेला दिसतोय, पण मला तसला काहीच त्रास नाही. शिवाय व्हिटॅमिन डीची पुडी पण चालू आहे, तीही अँटिऑक्सिडंटच ना?

उत्तर: टीएसएच म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन, ते कमी दिसलं की थायरॉईड जास्त काम करतोय असं धरतात. पण रक्त द्यायला जाताना बायोटिन घेतलेलं होतं का? केसांच्या गोळीत बऱ्याचदा 10 मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि शरीराला लागतं दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनशे पटीहून जास्त. काही मशिनींमध्ये तपासणीचं तंत्रच बायोटिनवर चालतं, तिथं रक्तातलं जास्तीचं बायोटिन गोंधळ घालतं, टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं. गोळी निदान दोन दिवस आधी बंद करा (डोस मोठा असेल तर जास्त दिवस, लॅबला विचारून), मग परत टेस्ट करा, आणि तोवर थायरॉईडची कसलीही गोळी सुरू करू नका. डॉक्टरांना बायोटिनचं सांगा, त्यांना कळल्याशिवाय ते तरी काय ओळखणार.

व्हिटॅमिन डीची पुडी हे अँटिऑक्सिडंट म्हणून देत नाहीत, कमी असेल तर भरून काढायला देतात. ती 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते, ठरलेले आठवडे. रोज दुधातून घेणाऱ्या बायका मी बघितल्यात, उलट्या, बद्धकोष्ठ, रक्तात कॅल्शियम चढलेलं. पुडी ज्या वारी घेता तो वार कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

प्रश्न (निपाणी भाग, वय 26): मॅडम, आम्हाला एवढ्या महाग गोळ्या झेपत न्हाईत. मी तंबाखूच्या वखारीत कामाला जाते, पीसीओडी हाय. आमच्याकडचं खाऊन अँटिऑक्सिडंट मिळत न्हाई का? आणि काय काय खाऊ?

उत्तर: मिळतं की, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. पण खाण्याआधी एक विचारते, रागावू नका. मिश्री लावता का? आपल्या भागात आजी, आई, सून सगळ्यांची सकाळ मिश्रीनं होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बोटानं चुरायची आणि दाताला लावून उंबऱ्यावर बसायचं, धूर नाही म्हणून ते व्यसन वाटतच नाही. पण ती तंबाखूच आहे, निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं, आणि तंबाखू म्हणजे आत्ताच वर सांगितले ते तापट कण वाढवायचा कारखाना. पोटुशी बाई मिश्री लावत असेल तर बाळाचं वजन कमी भरतं, मूल पोटात दगावायचा धोका वाढतो. एका हातानं मिश्री आणि दुसऱ्या हातानं अँटिऑक्सिडंट, याला अर्थ नाही. सोडायला दोन-तीन आठवडे डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, चिडचिड होईल, मग जाईल. वखारीत नाकातोंडाला ओला फडका बांधा, हातमोजे मागा, जेवायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, घरी आलं की आधी कपडे बदला. निकोटिन कातडीतूनही आत जातं.

आता खाणं. आवळा, हिवाळ्यात खानापूरकडून बाजारात येतो, रोज एक, कच्चा नाहीतर मीठ लावून (मोरावळा नको, साखर फार). जांभळाच्या दिवसांत जांभळं. शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ, शेपू, जी भाजी स्वस्त असेल ती, पण रोज एक वेळ भरपूर. मसुरीची आमटी, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी. भुईमुगाच्या शेंगा मूठभर, त्यात व्हिटॅमिन ई आहे. जोंधळ्याची किंवा नाचणीची भाकरी, आणि भात ताटात आहे त्याच्या निम्मा. भात सोडा असं बेळगावच्या माणसाला मी सांगणार नाही, पण ताटात आधी भाजी-आमटी आणि मग भात एवढा क्रम पाळा. चहाबरोबरची खारी-टोस्ट आणि दिवसातून चार वेळा गोड चहा, हे मात्र कमी करायलाच पाहिजे, पीसीओडीचं निम्मं दुखणं तिथं असतं. रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाला.

वजन जास्त असेल तर 70 किलोच्या बाईचं नुसतं साडेतीन ते सात किलो उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी आपली आपण सुधारते. शिडशिडीत असाल तर वजनाच्या मागं लागू नका, बारीक बायकांनाही पीसीओएस असतो. फोलिक ॲसिडसाठी आशाताईंना विचारा नाहीतर सरकारी दवाखान्यात जा, जनऔषधी दुकानात पण अगदी थोड्या पैशात मिळतं. तुमच्यासाठी एवढी एकच गोळी.

प्रश्न (बेळगाव शहर, पुरुष, वय 34): मिसेसला पीसीओएस आहे. ती गोळ्या घेते तर मीही पुरुषांचं अँटिऑक्सिडंट घेतलं तर लवकर फरक पडेल का? मी जिमला जातो, फिट आहे. टेस्ट केलेली नाही, गरज वाटली नाही.

उत्तर: भाऊ, पत्र लिहिलंत याचं कौतुक, कारण आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच बायकांचे नवरे दवाखान्याच्या पायरीशी गाडी लावून बाहेरच थांबतात.

2020 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, 2370 जोडपी, निम्म्या नवऱ्यांना सहा महिने झिंक आणि फोलिक ॲसिड दिलं, निम्म्यांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. मूल व्हायचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखं, 34 आणि 35 टक्के. गोळीवाल्यांना पोटाचा त्रास मात्र जास्त. तेव्हा गोळीआधी टेस्ट करा. दोन ते सात दिवस संबंध नको, मग नमुना द्यायचा, अर्ध्या तासाचं काम.

जिमचं वाचून एक स्पष्ट विचारते. आपल्या बेळगावात बॉडीबिल्डिंगची आवड मोठी, मला त्याचा अभिमानच आहे, पण कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल आणि तुम्ही घेतली असतील तर वीर्यातले शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. बाहेरून पुरुषी हार्मोन मिळालं की शरीर आपलं काम थांबवतं. दंड भरलेले दिसतात आणि रिपोर्ट कोरा येतो. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं पण महिने लागतात, कधी वर्षही. घेतली असतील तर डॉक्टरांना खरं सांगा, बायकोसमोर नको असेल तर एकट्यानं भेटून सांगा. गुटखा, मावा, सिगरेट काही असेल तर आजच बंद. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्याचा फायदा त्यानंतर दिसणार.

प्रश्न (चिक्कोडी तालुका, एक आई): माझी मुलगी 19 वर्षांची आहे, कॉलेजला. पीसीओडी निघालं. पुढं लग्नानंतर मुलाचा त्रास नको म्हणून आत्तापासूनच अँटिऑक्सिडंट चालू केले तर? पाव्हणे म्हणतात आधी बरं करून घ्या, मग स्थळं बघा.

उत्तर: वहिनी, नको. आज गोळी खाऊन दहा वर्षांनंतरचं अंडं चांगलं होतं असं काही नसतं. तिला आत्ता लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, वर्षातून निदान चार वेळा तरी पाळी यायला हवी, तीन-तीन महिने येत नसेल तर डॉक्टरांकडून आणायची गोळी घ्यावी लागते, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. साखर तपासून घ्या. चेहऱ्यावर केस, पुरळ असेल तर त्यावर उपचार आहेत, त्याची तिला लाज वाटू देऊ नका.

आणि सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. वाढता वाढता मधेच थांबलेली छोटी छोटी अंडी आहेत ती, पोटात गाठी झाल्यात असं पाव्हण्यांत सांगत बसू नका. शंभरातल्या आठ ते तेरा बायकांना हा त्रास असतो आणि त्यातल्या बहुतेक जणींना मुलं होतात, काहींना आपोआप, काहींना थोड्या गोळ्यांनी. मुलीसमोर "हिला पुढं मूल होईल का" हे वाक्य कुणालाच बोलू देऊ नका, मामा असो नाहीतर आत्या. तिला एक साधं काम द्या, पाळी आली की तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, आणि सहा महिन्यांनी ते कॅलेंडर घेऊन दोघी माझ्याकडं या.